अडवलेल्या उजेडाची चित्रे



माझ्या उजव्या हाताला टेबलावर एक जुना मॉनिटर ठेवला आहे. तो चालू आहे. मागच्या रांगेतूनही दिसत असेल की त्याचा पडदा नुसता पांढराफेक आहे, चौकटीत ट्यूबलाइट बसवावी तसा. प्रत्यक्षात त्यावर या क्षणी मला अकरावीत शिकवणाऱ्या सरांचा फोटो लावलेला आहे. कॉम्प्युटर फोटो पाठवतो आहे, मॉनिटर आपले काम चोख करतो आहे, आणि तरी आपल्यापैकी कुणालाही काही दिसत नाही. मॉनिटर बिघडलेला नाही. गेल्या रविवारी मी पडद्यावर ओले फडके पसरून ठेवले आणि संध्याकाळी त्याच्या पुढच्या बाजूची एक पातळ पारदर्शक पट्टी कोपऱ्यातून हळूहळू सोलून काढली. एवढेच केले.

त्या पट्टीचा हा तुकडा. हा मी डोळ्यांसमोर धरतो आणि मला सर दिसतात. पांढरा शर्ट, चष्म्याची जाड काळी फ्रेम. आता तुकडा काटकोनात फिरवतो. शर्ट काळा झाला, फ्रेम पांढरी झाली. फोटोग्राफरकडची जुनी निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिल्यासारखे सर दिसताहेत. तुमच्यासाठी पडदा अजून पांढराच आहे.

मग चित्र आहे कुठे? आजच्या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे. आणि तो मला सरांनीच दिलेला आहे. १९८३ साली आम्ही अकरावीत असताना सरांनी बटणे बाद झालेला, पण पडदा शाबूत असलेला एक कॅल्क्युलेटर वर्गात आणला होता. काचेवरची पट्टी त्यांनी ब्लेडने उचलली. आकडे नाहीसे झाले. पट्टी परत ठेवली, आकडे आले. उलट्या बाजूने फिरवून ठेवली, काळ्यावर पांढरे आकडे आले. सर काही बोलले नाहीत. तो कॅल्क्युलेटर बाकाबाकांवरून फिरत राहिला आणि तास संपला. स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी आजही कृतज्ञतेने सांगतो.

आपण सहज म्हणतो की टीव्हीचा पडदा उजळला, मोबाइलचा पडदा प्रकाश फेकतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीबाबत ते खरे होते. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावरच्या लेपावर आदळायचा आणि आदळेल तिथे उजेड निर्माण व्हायचा. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघरी आलेल्या बहुतेक सपाट पडद्यांमध्ये चित्र तयार करणारा थर स्वतः उजेडाचा एक कणही निर्माण करत नाही. उजेड मागे असतो, एकसारखा, पांढरा आणि मुका. पुढचा थर ठरवतो की त्यातला कुठे किती जाऊ द्यायचा आणि कुठे किती अडवायचा. इंजिनियर या थराला लाइट मॉड्युलेटर म्हणतात. मी त्याला उजेडाचा द्वारपाल म्हणेन.

ही कल्पना आपल्याकडच्या माणसाला परकी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात तेव्हा दिव्याचा उजेड बाहुलीच्या छिद्रांतून आणि रंगवलेल्या कातड्यातून गाळून पडद्यावर येतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास आपल्या मुलांना बरोबर घेऊन शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. शांबरिक खरोलिका म्हणजे जादूचा कंदील. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग. दिवा रामाचाही तोच आणि रावणाचाही तोच; फरक काचेवरच्या रंगाने किती उजेड अडवला याचा. आजचा पडदा म्हणजे पटवर्धनांची काचच आहे. फक्त तिच्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा रंगवले जाते, आणि कुंचला विजेचा असतो.

वीज उजेडाला अडवते कशी, हा खरा प्रश्न. तारेतून वाहणारी वीज आणि काचेतून जाणारा किरण यांची सरळ गाठ पडत नाही. त्यासाठी मध्यस्थ लागतो.

आधी ही पट्टी समजून घेऊ. अंगणात दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक हलवले की दोरीत लाट धावते. वर-खाली हलवली तर उभी लाट, डावी-उजवीकडे हलवली तर आडवी. आता ही दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून गेलेली आहे असे समजा. उभी लाट गजांमधून पार होईल, आडवी तिथेच मरेल. प्रकाशही लाट आहे. साध्या दिव्याच्या उजेडात सगळ्या दिशांची कंपने मिसळलेली असतात. ही पट्टी त्यातली एकाच दिशेची कंपने पुढे सोडते. यालाच ध्रुवण म्हणतात आणि या पट्टीला ध्रुवक. प्लॅस्टिकचा कागद आयोडीनमध्ये रंगवून एकाच दिशेने ताणला की त्याचे लांबलचक रेणू समांतर होतात आणि आयोडीन त्यांच्या आधाराने ओळीत बसते. आपण जखमेला लावत आलो तेच हे आयोडीन. अमेरिकेत एडविन लँड यांनी १९३८ साली असा ध्रुवक तयार केला आणि आजही पडद्यांतला ध्रुवक मुळात त्याच जातीचा आहे. दोन ध्रुवक एकमेकांवर काटकोनात ठेवले तर उजेड पूर्ण अडतो. पहिल्याने उभी कंपने सोडली, दुसरा फक्त आडवी सोडणारा. मधल्या मध्ये कुणीतरी त्या कंपनांची दिशा वळवून दिली तरच उजेड बाहेर येईल.

तो वळवणारा पदार्थ प्रागमध्ये सापडला, आणि सापडला तेव्हा तो कशाच्याही उपयोगाचा नव्हता. १८८८ साल. फ्रीडरिश रायनित्सर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यांनी त्यापासून कोलेस्टेरिल बेन्झोएट तयार केले आणि त्याचा वितळणबिंदू मोजायला घेतला. वितळणबिंदू एकच असतो, हे आपण शाळेत शिकतो. या पदार्थाला दोन निघाले. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळून दुधासारखा गढूळ द्रव झाला, आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी जाऊन नितळ झाला. दुसऱ्या कुणी पदार्थ अशुद्ध आहे म्हणून बाटली फेकून दिली असती. रायनित्सरांनी नमुने ओटो लेमान यांच्याकडे पाठवले. लेमान यांच्याकडे पदार्थ तापवता तापवता ध्रुवित प्रकाशात बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. त्यांना दिसले की हा गढूळ पदार्थ पाण्यासारखा वाहतो आणि उजेडाशी मात्र स्फटिकासारखा वागतो. म्हणून नाव पडले लिक्विड क्रिस्टल, द्रव स्फटिक.

आषाढीच्या वाटेवरची वारकऱ्यांची दिंडी डोळ्यांसमोर आणा. कुणाची जागा ठरलेली नाही, माणसे पुढे-मागे होत राहतात, पण सगळ्यांची तोंडे पंढरपूरकडे. बऱ्याचशा द्रव स्फटिकांत काडीसारख्या लांबट रेणूंचे असेच असते. जागेचे बंधन नाही, दिशेचे आहे. आणि दिशा आहे म्हणून द्रव स्फटिक प्रकाशाच्या कंपनावर परिणाम करतो. द्रव आहे म्हणून विजेच्या इवल्याशा रेट्याने वळतो. स्फटिकाची शिस्त आणि पाण्याचा मऊपणा एकत्र आल्याशिवाय आपला टीव्ही शक्य नव्हता.

या गोष्टीला पडद्यावर यायला ऐंशी वर्षे लागली. १९११ मध्ये फ्रान्सच्या शार्ल मोगँ यांनी दाखवले की दोन काचांमध्ये हा पदार्थ भरला आणि काचा वेगवेगळ्या दिशांनी घासलेल्या असल्या तर आतल्या रेणूंची रांग पिळली जाते आणि तिच्याबरोबर प्रकाशाचे कंपनही वळते. म्हणजे आजच्या पडद्याचा अर्धा भाग तेव्हाच तयार होता. पण १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला पहिला द्रव स्फटिक पडदा दाखवला तो वेगळ्या तत्त्वाचा होता. विजेने त्यात खळबळ माजून तो दुधाळ व्हायचा. पिळाची युक्ती व्होल्फगांग हेलफ्रिश यांच्या मनात त्याच प्रयोगशाळेत होती, पण तिथे तिला उठाव मिळाला नाही. ते स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला गेले आणि डिसेंबर १९७०मध्ये मार्टिन शाट यांच्याबरोबर त्यांनी पेटंटचा अर्ज केला. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही स्वतंत्रपणे तीच वाट धरली होती. उरली अडचण रसायनाची. सुरुवातीचे द्रव स्फटिक कुणी भट्टीच्या तापमानालाच चालायचे, कुणी हवेच्या दमटपणाने बिघडायचे. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांनी १९७२-७३मध्ये सायनोबायफेनिल जातीचे पदार्थ बनवले, ते टिकाऊ निघाले आणि साध्या घरातल्या तापमानाला चालणारे निघाले. सरांच्या कॅल्क्युलेटरच्या काचेआड याच कुळातले काहीतरी असणार, असे मला नेहमी वाटते. मोठ्या कंपन्यांची नावे पडद्याच्या चौकटीवर छापलेली असतात. रायनित्सर, मोगँ, ग्रे यांची कुठेच नसतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता पडद्यावरच्या असंख्य बारीक घरांपैकी एकच घर जवळून पाहू. दोन काचा, मधले अंतर चार-पाच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढे. काचांच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकचा अगदी पातळ लेप. कारखान्यात या लेपावरून मखमली कापड गुंडाळलेला रूळ एकाच दिशेने फिरवतात. पाट पुसावा तसे साधे काम. पण त्या घासण्याने लेपाला दिशा मिळते आणि काचेलगतच्या रेणूंच्या काड्या त्या दिशेने आडव्या पडतात. खालची काच उभी घासलेली, वरची आडवी. मधले रेणू मग गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे थोडे थोडे वळत नव्वद अंश फिरतात. उजेडाचे कंपन तो जिना चढते, वर पोचेपर्यंत काटकोनात वळते आणि दुसऱ्या ध्रुवकातून अलगद बाहेर पडते. घर उजळले. आता दोन काचांमध्ये काही व्होल्टचा दाब द्या. काड्या उठून उभ्या राहतात, जिना मोडतो, कंपन न वळताच वर पोचते आणि दुसरा ध्रुवक त्याला अडवतो. घर काळे. दाब अर्धामुर्धा दिला तर काड्या अर्ध्याच उठतात आणि राखाडी रंग मिळतो. वीज इथे उजेड पाडत नाही, ती फक्त काड्या उभ्या करते. म्हणून कॅल्क्युलेटर एका बारक्या सेलवर वर्षानुवर्षे चालतो.

आता तुम्हाला कळले असेल मी रविवारी काय केले. मी दुसरा ध्रुवक काढून टाकला. प्रत्येक घर आपल्या वाट्याचे कंपन अजूनही वळवते आहे, कुठे पूर्ण, कुठे अर्धे, कुठे मुळीच नाही. सरांचा चेहरा त्या दिशांमध्ये पुरता लिहिलेला आहे. आपल्या डोळ्याला उजेड कमी की जास्त एवढेच कळते, त्याच्या कंपनाची दिशा कळत नाही. त्या पट्टीचे काम दिशेला उजेड-अंधारात बदलण्याचे होते.

रंगासाठी प्रत्येक पिक्सेलची तीन घरे असतात, त्यांच्यावर लाल, हिरवी आणि निळी गाळणी. घरी गेल्यावर मोबाइलवर पांढरे पान उघडा, पाण्यात बुडवलेल्या बोटाने त्यावर एक बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्यात दडलेले तीन रंग दिसतात. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. घरे त्याच्या तिप्पट, साठ लाखांहून अधिक. प्रत्येक घराला वेगळी तार देणे अशक्य. म्हणून आडव्या-उभ्या तारांची जाळी आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यात एक ट्रान्झिस्टर. एका आडव्या तारेवर इशारा आला की त्या ओळीतले सगळे ट्रान्झिस्टर दार उघडतात, उभ्या तारांवरून आलेला दाब आत घेतात आणि दार लावून घेतात. मग पुढची ओळ. पुढच्या फेरीत हीच ओळ पुन्हा येईपर्यंत तो दाब घरात जपून ठेवायचा. पिट्सबर्गमध्ये पीटर ब्रोडी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती पडद्यावर चालवून दाखवली. १९७९ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लेकोंबर यांनी असे ट्रान्झिस्टर अस्फटिकी सिलिकॉनचे करता येतात हे दाखवले आणि मोठी काच परवडण्याजोगी झाली. आणखी एक काळजी. दाब सतत एकाच बाजूचा राहिला तर द्रवातले विद्युतभारित कण एका काचेकडे साठतात आणि चित्राचा डाग राहतो. म्हणून दर फेरीला दाबाची दिशा उलट करतात. काड्यांना त्याचे काही नाही. त्या दोन्ही वेळा सारख्याच उठतात.

या सगळ्याची किंमत मात्र जबर आहे. पहिला ध्रुवक अर्ध्याहून जास्त उजेड खातो. उरलेल्यातला दोन तृतीयांश रंगाच्या गाळण्या खातात. तारा आणि ट्रान्झिस्टर आपली सावली पाडतात. मागच्या दिव्याच्या १०० वाट्यांपैकी पाच-सातच आपल्या डोळ्यांपर्यंत येतात. मोबाइलची बॅटरी दुपारीच का संपते, याचे एक उत्तर यात आहे.

उजेड गिळण्याऐवजी तो नुसता दुसरीकडे वळवला तर? हा विचार मला सगळ्यात लोभस वाटतो. झुरिकमध्ये प्राध्यापक फ्रिट्झ फिशर यांनी १९३९ साली आयडोफोर नावाचे यंत्र योजले. सिनेमागृहात टीव्हीचे चित्र दाखवायचे तर नळीचा उजेड पुरत नव्हता. फिशरांनी आरशावर तेलाचा पातळ थर दिला आणि त्यावर इलेक्ट्रॉनच्या झोताने चित्र लिहिले. झोत जिथे विद्युतभार ठेवी तिथे तेलाला सुरकुती पडे. समोर पट्ट्यांची जाळी अशी बसवलेली की सपाट तेलावरून परतलेला उजेड बरोबर पट्ट्यांवर आदळून अडावा, आणि सुरकुतीवरून वळलेला मधल्या फटींतून पडद्याकडे जावा. तळ्यावर वाऱ्याची झुळूक आली की पाणी चमकते, त्याच चमकेचे चित्र. दिवा कितीही प्रखर लावा, तेल तो फक्त परतवते. फिशर १९४७ मध्ये वारले. त्यांचे यंत्र पुढे अनेक दशके चालले आणि ह्यूस्टनच्या अंतराळ नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यांवरही वापरले गेले.

वर्गात उन्हाच्या तिरिपेवर आरसा धरून फळ्यावर कवडसा पाडण्याचा खेळ आपण सगळे खेळलो आहोत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधले लॅरी हॉर्नबेक यांनी तोच खेळ एका चिपवर बसवला. १९७७ पासून दहा वर्षे ते थोडेथोडे वाकणाऱ्या आरशांच्या मागे होते. १९८७ मध्ये त्यांनी थोडेथोडे हा शब्दच सोडला. अ‍ॅल्युमिनियमचा इवला आरसा, बाजू सुमारे १६ मायक्रॉन, बिजागरीवर दोनच बाजूंना कलणारा. इकडे कलला तर उजेड भिंगातून पडद्यावर, तिकडे कलला तर बाजूच्या काळ्या शोषकावर. मधले काही नाही. मग राखाडी कसा दाखवायचा? वेळेतून. चित्राच्या एका साठांश सेकंदात आरसा अनेकदा इकडे-तिकडे होतो. त्यातला अर्धा वेळ तो पडद्याकडे राहिला तर डोळ्याला अर्धा उजेड दिसतो. डोळा मंद आहे, तो सरासरी काढतो, आणि सारे यंत्र त्या मंदपणावर विसंबून आहे. जून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मोजक्या चित्रपटगृहांत 'स्टार वॉर्स' मालिकेतला नवा चित्रपट रिळांशिवाय दाखवला गेला, तेव्हा त्यातल्या काही पडद्यांवरचा उजेड या आरशांवरून आलेला होता. आज आपल्या गावातल्या थिएटरात प्रोजेक्टरच्या खोलीत रीळ गुंडाळणारा माणूस दिसत नाही, त्यामागे ही बिजागरी आहे.

आता जवळच्या माणसाबद्दल. शिवरामकृष्ण चंद्रशेखर. ताऱ्यांचा अभ्यास करणारे नोबेलविजेते चंद्रशेखर ते दुसरे; हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. त्यांनी १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. केले आणि मामांच्या बेंगळुरूच्या संस्थेत गेले. पुढे तिथेच त्यांनी द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोवर जगाची समजूत होती की रेणू काडीसारखा असेल तरच द्रव स्फटिक बनतो. १९७७ साली चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात छापलेल्या लेखात दाखवले की तबकडीसारख्या चपट्या रेणूंचाही द्रव स्फटिक बनतो. नाण्यांच्या चळती रचाव्यात तसे ते एकावर एक बसतात. त्या वेळी याचा पडद्याशी काही संबंध नव्हता. पण पिळाच्या पडद्याला एक खोड होती. समोरून चित्र छान, बाजूने पाहिले की रंग उलटेपालटे. कारण तिरप्या किरणाला काड्या वेगळ्या कोनातून दिसतात. १९९०च्या दशकात जपानमध्ये फुजी कंपनीने यावर उपाय म्हणून एक फिल्म आणली. तिच्यात तबकडीसारखे रेणू असे कलते गोठवलेले होते की काड्यांनी तिरप्या किरणावर केलेली चूक त्यांनी उलट बाजूने भरून काढावी. घरातल्या एका मॉनिटरसमोर दोघांना बसून काम करता आले, त्यात बेंगळुरूच्या त्या चळतीचा वाटा आहे. ही हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकात यावी म्हणून मी पुष्कळदा लिहिले आहे, पुढेही लिहीन.

काळ्या रंगाबद्दल थोडे सांगतो. द्वारपाल कितीही कडक असला तरी फटीतून थोडा उजेड निसटतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत द्रव स्फटिकाच्या टीव्हीवर चित्रपटातली रात्र राखेच्या रंगाची दिसते. नव्या ओएलईडी पडद्यांत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि काळा हवा तिथे तो विझलेलाच असतो. ते काळे खरे काळे. त्यांच्याकडे लोक वळताहेत ते योग्यच आहे. तरी त्या पडद्यांवरही वरून एक ध्रुवक चिकटवलेला असतो, खोलीतला दिवा आतल्या धातूवरून परतून डोळ्यात जाऊ नये म्हणून. आतला उजेड अडवायचा नसला तरी बाहेरचा अडवावाच लागतो.

वेळ संपत आली आहे. प्रश्न खाली घेऊ. मॉनिटर मी चालूच ठेवतो. पट्टीचे सहा तुकडे कापून आणले आहेत, कडा बोचू नयेत म्हणून चिकटपट्टी लावली आहे. मुलांना आधी येऊ द्या. तुकडा डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा. अर्ध्यावर आलात की एका कोनात शर्ट आणि फ्रेम दोन्ही सारखेच राखाडी होतात आणि सर जवळजवळ पुसले जातात. तिथे क्षणभर थांबा आणि मग फिरवा.